जोकबेदबाईंचं हिरवं पाणी

जोकबेदबाईंच्या घरात शिरायचं म्हणजे आधी पाय धुवायचे, मग हात धुवायचे, आणि मग बाई आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघायच्या. त्या बघण्यात काही खटकलं, की पुन्हा मोरीत. पनवेलच्या इस्रायल आळीत आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. त्यामुळे त्या मोरीतून मी किती वेळा परत फिरले असेन त्याला गणती नाही. राग यायचा हो! मनात म्हणायचे, आम्ही काय उकिरड्यावरून उठून येतो? पण तोंडावर बोलायची कोणाची टाप होती? बाई दवाखान्यात नर्स होत्या, आणि आळीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातून जगात आलेली. माझा थोरलासुद्धा. पायाळू होता तो. मी जगते की मरते असं झालेलं. त्या रात्री बाईंनी माझा हात धरून ठेवला होता, आणि त्या हाताला फिनेलचा वास येत होता. मला तो वास अजून आठवतो, आणि आठवला की धीर येतो. उगाच कशाला खोटं बोलू?

बाई बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्याच ज्यू. नऊवारी नेसायच्या, मराठीत भांडायच्या, शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला की शनिवारभर चूल बंद. शनिवारी काम करायचं नाही, म्हणून शुक्रवारी दुप्पट घासायच्या. भांडी, फरशी, दाराच्या कड्या, खिडकीचे गजसुद्धा. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "ती बाई एक दिवस सूर्यालासुद्धा राखेनं घासून काढील."

नवरा सॅम्युअलभाऊ अगदी उलट. तारऑफिसात नोकरीला. माणूस इतका मऊ, की बोलला तरी बोलला की नाही कळू नये. एकदा ऑफिसातून एक मोठी काचेची पेटी घेऊन आले. तारेच्या बॅटरीची होती म्हणे, जुनी झाली म्हणून टाकून दिलेली. जाड, जराशी हिरवट काच, चांगली चौकोनी. सोडा घालून घालून धुतली, कितीतरी दिवस पाण्यात बुडवून ठेवली, आणि मग वडाळे तळ्यावर जाऊन फडक्यात चार मासे धरून आणले. पिवळसर, रुपयाएवढे, कुशीवर एक काळा ठिपका. खिडकीपाशी स्टुलावर पेटी ठेवून, खुर्ची ओढून समोर बसले. आळीतल्या बायका बघायला गेल्या, मीही गेले. हात पाय धुऊन गेले, वेगळं सांगायला नको.

"खवले आहेत ना यांना?" मी विचारलं. यांच्यात खवल्याचाच मासा चालतो, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक.

"आहेत, आहेत," भाऊ हसले. "पण खायचे नाहीत हो दमयंतीताई. नुसते बघायचे."

पण बघायला मिळतील तेव्हा ना! बाई रोज सकाळी मासे वाडग्यात काढायच्या, पेटीतलं पाणी ओतून द्यायच्या, काच काथ्यानं आणि राखेनं खसाखसा घासायच्या आणि विहिरीचं नवं पाणी भरायच्या. काच अशी लखलखायची की तिथे काच आहे हेच कळू नये. आणि आठवडाभरात एखादा मासा उताणा तरंगायचा. भाऊ काही न बोलता तो पिशवीत घालून बाहेर न्यायचे आणि रविवारी तळ्यावरून दुसरा आणायचे. तो गेला की तिसरा. पालथ्या घड्यावर पाणी!

एकदा मात्र ते बोलले. मी तिथेच तांदूळ निवडत होते. म्हणाले, "जोकू, थोडं हिरवं राहू दे गं काचेला. तळ्याला कोण घासतं?"

"तळ्यात म्हशी बसतात!" बाई कडाडल्या. "माझ्या घरात शेवाळ? उद्या एखादी पोटुशी बाई आली नि तिनं हे बघितलं तर? हात लावू देईल का मला?"

"राहू दे," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा माशांकडे बघत बसले. त्यांच्या त्या 'राहू दे' म्हणण्यात शेवाळ राहू दे, की हा वादच राहू दे, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर भाऊंना ताप भरला. बाई रजा टाकून त्यांच्या उशाशी बसल्या. डॉक्टर आले, औषधं झाली, मुंबईचे डॉक्टरही येऊन गेले. जिनं आख्ख्या आळीला मरणाच्या दारातून ओढून आणलं, तिला घरचा माणूस काही आवरता आला नाही. एका दुपारी भाऊ गेले. बाई रडल्या नाहीत. दफन झालं, लोक परतले, बाई डोळे कोरडे ठेवून जमिनीवर बसल्या. मला त्या डोळ्यांचीच भीती वाटली.

त्यांच्यात सात दिवसांचा दुखवटा असतो. घरच्यांनी खाली बसायचं, कसलंही काम करायचं नाही, जेवण शेजाऱ्यांनी आणायचं. आम्ही डबे नेत होतो. भाऊंची थोरली बहीण रोझीताई पेणहून आली होती. दांडगी बाई. रीतभात म्हणजे रीतभात, त्यात इकडचं तिकडे नाही. बाईंची नजर सारखी पेटीकडे जायची. आत दोनच मासे उरले होते, भाऊंनी शेवटच्या रविवारी आणलेले. आजारपणातही पेटीला कोणाचा हात लागला नव्हता. बाईंची बोटं नुसती शिवशिवायची.

"रोझीताई, काच बघा हो कशी झालीय," त्या म्हणायच्या.

"सात दिवस हात लावायचा नाही, जोकबेद," रोझीताई म्हणायच्या. "काच कुठे पळून जात नाही."

दुखवटा संपला त्या सकाळी मी डबा घेऊन गेले, तर बाई उठलेल्या. पदर खोचलेला, एका हातात काथ्या, दुसऱ्यात राखेची वाटी. पेटीसमोर उभ्या. पण हात हलत नव्हता.

मी जवळ गेले आणि तिथेच थबकले. काचेच्या चारी बाजूंवर कोवळी हिरवी साय धरली होती. तळाच्या दगडावर बारीक बारीक धागे आले होते आणि ते आपोआप हलत होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि ते सगळं पाणी आतून उजळल्यासारखं दिसत होतं. आणि ते दोन मासे! इतके दिवस कोणी त्यांना चिमूटभरही घातलं नव्हतं. मेले असतील असंच मी धरून चालले होते. तर ते काचेला तोंड लावून ती हिरवी साय कुरतडत होते, आणि अंगानं असे पिवळेधमक झाले होते की हळद लावली असावी. मी जन्मभर तळ्याकाठी राहिले, पायरीवरच्या शेवाळावरून चारदा घसरून पडले, शिव्या घातल्या त्याला. ते इतकं देखणं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"हे सांगत होते," बाई म्हणाल्या. "दमयंती, हे मला सांगत होते गं."

त्यांनी काथ्या खाली ठेवला. माझ्या देखत ठेवला, म्हणून सांगते, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता.

त्या दिवसापासून बाईंचं एकच सुरू झालं. यांच्या हातचं एवढंच जिवंत राहिलंय, ते मरता कामा नये. मग काय, घासण्यात जी शिस्त होती तीच आता न घासण्यात आली. मला घेऊन वडाळे तळ्यावर गेल्या आणि पायरीखालचे शेवाळलेले दगड एकेक उचलून बघायला लागल्या. शेजारी एक बाई कपडे धूत होती. ती म्हणाली, "आमी घासून घासून मरतो, नि तुमी शेवाळ घरी नेता? येड लागलाय काय बाय?"

"लागलंय," जोकबेदबाई म्हणाल्या, आणि लुसलुशीत हिरवा दगड ओल्या फडक्यात असा गुंडाळला, जसं नुकतं जन्मलेलं मूल गुंडाळतात.

पेटीत तो दगड गेला. पडदा काढला, सकाळचं ऊन येऊ दिलं. मधे एकदा पेटी दुपारच्या उन्हात राहिली, तर सगळं पाणीच पालकाच्या भाजीसारखं झालं, मासे दिसेनात. बाईंचा जीव खालीवर. मग कळलं, सकाळचं कोवळं ऊन पुरे, दुपारी आडोसा हवा. विहिरीचं पाणी एकदम ओतायचं नाही, हंड्यात मुरवून मग तांब्या-तांब्यानं घालायचं. समोरची एकच काच मलमलीनं पुसायची, बघण्यापुरती. बाकी तिन्हीकडे त्याचं त्याला वाढू द्यायचं. खायला पावाचा चुरा, तोही कधीमधी. जास्त घातला की पाण्याला वास येतो. अति तिथे माती, हे बाईंना या वयात कळलं, आणि ते कबूल करायला त्यांना लाज वाटली नाही.

आळीत कुजबुज झालीच. बाई नवऱ्यामागे खुळावल्या. एक पोटुशी सून तर दारातून परत गेली, घरात शेवाळ आहे म्हणून. ज्या गोष्टीला बाई घाबरत होत्या तीच झाली. मला वाटलं, आता पेटी जाते. पण बाई दुसऱ्या दिवशी त्या सुनेच्या घरी गेल्या, तिच्यासमोर उकळत्या पाण्यानं हात धुतले आणि म्हणाल्या, "हे हात तुझे. ती पेटी माझी. आता झोप खाली, बघू दे पोट." ती झोपली बिचारी.

असा हिवाळा गेला. शेवाळ आता मखमलीसारखं दाट झालं होतं. ऊन आलं की त्यावर मोत्यांसारखे बुडबुडे धरायचे आणि एकेक सुटून वर जायचे. मी कामं टाकून बघत बसायचे. सासूबाई ओरडायच्या, मग त्याही येऊन बसायच्या.

मग त्यांचा वल्हांडणाचा सण आला. त्या सणाला घरात आंबलेलं काही चालत नाही. पाव नाही, खमीर नाही, बेखमीर भाकऱ्या खायच्या. घराला चुना देतात, भांड्यांना कल्हई करतात, कानाकोपरा झाडून चुरासुद्धा राहू देत नाहीत. रोझीताई पेणहून आल्या त्या पदर खोचूनच. पेटी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"हे काय? जोकबेद, हे आंबलंय!"

"शेवाळ आहे ते. पीठ नव्हे," बाई म्हणाल्या.

"यात पाव घालतेस की नाही?"

"कधीमधी, चुरा," बाई म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नव्हती ना.

"मग! पावाचं पाणी महिनोन्‌महिने मुरलंय. आंबलेलं नाही तर काय आहे? सणाच्या घरात हे ठेवायचं? माझ्या भावाच्या घरात?" रोझीताईंनी काथ्या उचलला. "मी घासते. तुझ्यानं होणार नाही."

"ताई, घासलंत तर मासे मरतील."

"मग तळ्यात सोड."

"तळ्यात सोडले तर यांचे कुठले, तळ्यातले कुठले, मला कसं ओळखू येणार?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच फाटला. मला गलबलून आलं. रोझीताईंचा हात थांबला खरा, पण काथ्या खाली काही गेला नाही.

शेवटी एलिजाकाकांना बोलावलं. प्रार्थना म्हणवून घेणारे, आळीतले सगळ्यांत म्हातारे. ते चष्मा काढून, चष्मा लावून, बराच वेळ पेटीकडे बघत राहिले. मासे आले, काकांच्या नाकासमोर काच कुरतडून गेले.

"मोशेनं हे नियम घालून दिले तेव्हा काचेची पेटी नव्हती," काका म्हणाले. "मला काही सांगता येत नाही बुवा. पण पाव गेलाय म्हणतेस, तर उघडं ठेवू नये."

'उघडं' म्हटल्याबरोबर बाईंनी मान वर केली. "काका, आपल्या आज्या या सणाला काय म्हणायच्या?"

"काय म्हणायच्या म्हणजे? अनाशी ढाकायचा सण."

मला रोझीताईंनीच मग समजावलं. जुन्या काळी, सणांची हिब्रू नावं सांगणारी पुस्तकं यायच्या आधी, कोकणातल्या यांच्या बायका सणाच्या दिवशी आंबट कालवणाचं मडकं झाकून बाजूला ठेवायच्या. ते मडकं म्हणजे अनास. त्यावरून सणाचं नाव.

"झाकायच्या," बाई म्हणाल्या. "फोडायच्या नाहीत. घासायच्या नाहीत. सण संपला की उघडायच्या. होय ना?"

काका हसले. "झाक मग. पण सण संपेपर्यंत उघडायचं नाही. आणि पाव तर सोडच, काहीही घालायचं नाही."

"आणि मेले तर?" रोझीताईंनी विचारलं. आता त्यांच्याही आवाजात ती ऐट नव्हती. भाऊ त्यांचाही होता.

बाईंनी कपाटातून मलमलीचं दुपटं काढलं, नव्या बाळांना गुंडाळायचं, उकळून उकळून मऊ झालेलं, आणि पेटीवरून चारी बाजूंनी सोडलं.

तो आठवडा मी कशी राहिले माझं मला माहीत. बाईंच्या जागी मी असते तर सतरांदा टोक उचलून बघितलं असतं. बाईंनी बोटसुद्धा लावलं नाही. सकाळी ऊन आलं की दुपट्याच्या आत हिरवा उजेड पडायचा आणि त्यात दोन सावल्या फिरताना दिसायच्या. बाई चहा घेऊन समोर बसायच्या, भाऊंच्या खुर्चीत. मग एक दिवस सावल्या दिसेनात. दुसऱ्या दिवशीही नाही. रोझीताई येता जाता वाकून बघायच्या, आणि एकदा मी ऐकलं, त्या पेटीशी हळूच म्हणत होत्या, "हला रे. जरा तरी हला."

बाई मात्र हात मांडीखाली घेऊन बसायच्या. दुखवट्यात शिवशिवायचे ना, तेच हात.

सण संपला. पण बाई म्हणाल्या, सकाळच्या उजेडात उघडू. सकाळी मी गेले, पाय धुतले, हात धुतले, आणि पहिल्यांदाच बाईंनी माझ्याकडे वर-खाली बघितलं नाही. रोझीताई खिडकीपाशी. बाईंनी दुपट्याची दोन टोकं धरली, आणि अगदी हळू, बाळाच्या तोंडावरचं पांघरूण काढावं तसं ते उचललं.

आत हिरवंच हिरवं. आठवडाभर समोरची काच पुसली नव्हती, तीही भरली होती. बुडबुडे सुटत होते. मासे नव्हते.

"गेले," रोझीताई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

बाईंनी पाण्यात हात घालून बोटानं आतून काचेवर एवढंसं गोल पुसलं, रुपयाएवढं. आणि आत वाकल्या. मग मला खुणेनं बोलावलं.

तळ्यावरच्या त्या दगडामागे दोघं होती. खंगलेली, पण ताठ. आणि त्यांच्याभोवती, बाई गं! तिळाएवढे, तिळाहूनही बारीक, असे किती ते! धूर हलावा तसे हलत होते. प्रत्येकाला दोन काळे डोळे. शेवाळाच्या धाग्यांत तोंडं खुपसून काहीतरी खात होते, जे आम्हाला दिसतही नव्हतं. आई वळली की सगळे वळायचे. बाप मागून राखण करत होता. आम्ही कोणी काही घातलं नव्हतं, कोणी काही केलं नव्हतं. झाकलेल्या पाण्यात, पावाच्या कणाशिवाय, एवढं सगळं घडलं होतं. मी हात जोडले. कोणाला जोडले, देवाला की शेवाळाला, ते मला आजही सांगता येणार नाही.

रोझीताई उठून आल्या, त्या छिद्रातून बघितलं, आणि तोंडावर पदर धरला. मग स्वयंपाकघरात जाऊन सणानंतरचा पहिला पाव चुरून आणला. "घालू का थोडा? बाळंतीण आहे ती."

"नको," बाई म्हणाल्या. "त्यांचं त्यांना आहे."

आणि मग त्या भाऊंच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "दमयंती, एवढी बाळंतपणं केली मी. हे एकच असं, की मी हात मागे ठेवले म्हणून झालं." पेटीकडे बघितलं. "हे म्हणत होते, राहू दे. एवढंच तर मागत होते. ते असताना एक दिवस जरी मी राहू दिलं असतं, तर त्यांनी हे बघितलं असतं गं."

भाऊ गेल्यापासून कोरडे राहिलेले ते डोळे तेव्हा भरले. बाई हमसून हमसून रडल्या, तोंड लपवलं नाही, काही नाही. मी त्यांचा हात हातात घेतला. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझा धरला होता तसाच. तो गार होता, ओला होता, आणि त्याला तळ्याचा वास येत होता. रोझीताईंनी चहा ठेवला.